घर आणि मळा यांमधील बिनतारी पूल वारंवार कां तुटतो ?

शेतकरी बंधूंनो, मोबाइल फोन येण्यापूर्वीं गांवांतील घर आणि शेतांतील मळा यांच्यामध्यें निरोपाचें साधन म्हणजे सालगड्याचे पाय किंवा बांधावर उभें राहून मारलेली हांक एवढेंच होतें. पुढें मोबाइल आला. तथापि नदीच्या खोलगटांत किंवा टेंकडीच्या आडोशास ज्यांना त्याचा सिग्नल मिळत नाहीं, असे मळे अद्याप पुष्कळ आहेत. अशा ठिकाणीं गांवांतल्या घरापर्यंत आलेलें इंटरनेट दोन लहान यंत्रांच्या साह्यानें हवेंतून मळ्यावर नेतां येतें. मध्यें तार ओढावी लागत नाहीं, कोणाच्या बांधाखालून चर खणावा लागत नाहीं, व खर्चहि बेताचा येतो. यासच बिनतारी पूल म्हणतात.

परंतु हा पूल उभारणें सोपें असलें तरी उभा राखणें कठीण, असा अनुभव अनेकांस येतो. पहिले चार-सहा महिने तो सुरळीत चालतो. मग दिवसांतून एकदां, पुढें दहादां तुटूं लागतो. दुकानदार म्हणतो, यंत्र बदला. इंटरनेट पुरविणारे म्हणतात, आमच्याकडे सर्व ठीक आहे. शेतकरी मात्र मध्यें सांपडतो. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. सारी हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. यंत्रविद्येचा अधिकार मजकडे नाहीं. तथापि आमच्याच पुलानें गेल्या भाद्रपदांत एक प्रसंग आणिला, व त्यामुळें या विषयाचा पिच्छा पुरविणें मला भाग पडलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रसंग असा. आमचे वडील बंधु दादा हे कृष्णाकाठच्या मळ्यावर राहतात. तेथें मोबाइलचा सिग्नल नाहीं. ते बोलतात तें या पुलावरूनच. भाद्रपदांतील एका रात्रीं, पाऊस पडून गेल्यावर, पंपाच्या खोलींत त्यांस विंचू चावला. त्यांनीं फोन लाविला, तो लागेना. पुनः पुनः लाविला. शेवटीं शेजारच्या वस्तीवरील मुलानें त्यांस मोटरसायकलवरून गांवांत आणिलें, तोंपर्यंत पाऊण तास गेला होता. डॉक्टरांनीं वेळेवर उपचार केले व तिसऱ्या दिवशीं दादा घरीं आले. आल्याबरोबर ते मला म्हणाले, “अरे, तुझा तो डबा रोज सिनेमा दाखवितो, आणि गरजेच्या वेळीं मुका होतो.” या बोलण्यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

पूल म्हणजे काय ?—

दोष शोधण्यापूर्वीं वस्तूची ओळख हवी. गांवांतल्या घरीं एक राऊटर असतो. त्यांत बाहेरून आलेलें इंटरनेट येतें. राऊटरपासून एक तार गच्चीवरील यंत्राकडे जाते. हें पुलाचें अलीकडचें टोंक. मळ्यावर तसेंच दुसरें यंत्र खांबावर बसविलेलें असतें. तें पलीकडचें टोंक. दोन्ही यंत्रांचीं तोंडें समोरासमोर असतात. गच्चीवरील यंत्रास वीजहि त्याच तारेंतून मिळते. त्यासाठीं खालीं एक अ‍ॅडॉप्टर लाविलेला असतो. मळ्याच्या यंत्रापासून पुन्हां एक तार खालीं येऊन तेथील लहान राऊटरला, कॅमेऱ्याला किंवा पंपाच्या स्टार्टरला मिळते.

म्हणजे ही एक साखळी आहे : बाहेरचें इंटरनेट, घरचा राऊटर, तार, अलीकडचें यंत्र, हवा, पलीकडचें यंत्र, पुन्हां तार, आणि शेवटीं मळ्यावरील फोन किंवा कॅमेरा. यांतील कोणतीहि कडी निखळली तरी मळ्यावरच्या माणसास एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे “नेट गेलें.” सर्व दोषांचें लक्षण एकच दिसतें, म्हणूनच लोक चुकीची वस्तु बदलतात. मीं स्वतः प्रथम नवा अ‍ॅडॉप्टर घेतला, मग नवी तार घेतली. पैसे गेले, दोष तसाच राहिला.

पहिलें औषध : नोंदवही—

सरकारी दप्तरांत एक शहाणपण मी शिकलों. तक्रार कितीहि मोठ्यानें केलेली असो, जागेवर जाऊन पंचनामा केल्याखेरीज निकाल देऊं नये. तेंच येथें लागू आहे. एक वही घ्यावी व तींत रकाने आंखावे : तारीख, पूल तुटल्याची वेळ, पुन्हां जुळल्याची वेळ, पाऊस, दंव, वारा कीं कोरडें ऊन, वीज होती कीं नव्हती, यंत्रावरील दिवे कोणते लागले होते, आणि शेवटीं सिग्नलचा आंकडा व यंत्र चालू असल्याचा काळ. दोन-तीन आठवडे नोंद नेटकी ठेविली, तर दोष आपल्या पायांनीं चालत पुढें येतो.

शेवटले दोन रकाने कसे भरावे तें सांगतों. घरच्या संगणकावरून किंवा फोनवरून यंत्राचा अंकी पत्ता उघडला असतां त्याचें माहितीचें पान दिसतें. त्यावर सिग्नलचा आंकडा उणे चिन्हानें लिहिलेला असतो, जसें उणे ५८ किंवा उणे ७५. हा आंकडा डेसिबलच्या मापांत असतो. उणे पुढचा आंकडा जितका लहान तितका सिग्नल जोरकस. साधारणतः उणे ५० ते उणे ६५ पर्यंत पूल निर्धास्त चालतो. उणे ७५ च्या पलीकडे तो डळमळूं लागतो. या मापाची चाल मात्र नेहमींच्या गणितासारखी नाहीं. ३ नीं घट झाली कीं शक्ति निम्मी होते. १० नीं झाली कीं दहावा हिस्सा उरतो. २० नीं झाली कीं शंभरावा. म्हणून उणे ५९ वरून उणे ७९ वर येणें ही किरकोळ घट नव्हे. रुपयाचा एक पैसा होणें आहे.

दुसरा आंकडा अधिक मोलाचा. यंत्र सुरू होऊन किती काळ झाला, आणि दोन्ही टोंकें परस्परांशीं जुळून किती काळ झाला, हे दोन काळ पुष्कळ यंत्रांवर वेगवेगळे दिसतात. पूल नुकताच तुटून जुळला आहे, आणि यंत्रहि नुकतेंच सुरू झालें आहे असें दिसलें, तर समजावें कीं त्याची वीज गेली होती किंवा तें स्वतः बंद पडून पुन्हां उठलें. उलट यंत्र कित्येक दिवस अखंड चालू आहे, पण जुळणी मात्र दहा मिनिटांपूर्वींची आहे, असें दिसल्यास वीज निर्दोष व दोष हवेंतला. या एका पाहणीनें निम्मा तपास संपतो.

साखळीची तपासणी—

पूल तुटलेला असतांनाच एक चांचणी करून घ्यावी. तिला पिंग म्हणतात. एखाद्या यंत्राच्या पत्त्यावर हांक मारावयाची व तें ओ देतें किंवा नाहीं हें पाहावयाचें, इतकाच तिचा अर्थ. फोनवरहि ही सोय मिळते. घरीं बसून क्रमानें चार हांका माराव्या : प्रथम घरच्या राऊटरला, मग गच्चीवरील यंत्राला, मग मळ्यावरील यंत्राला, आणि शेवटीं बाहेरच्या इंटरनेटला.

राऊटरनेंच ओ दिली नाहीं तर दोष घरांतला. राऊटर बोलतो पण गच्चीवरील यंत्र गप्प आहे, तर तार किंवा अ‍ॅडॉप्टर पाहावा. गच्चीवरील यंत्र बोलतें पण मळ्यावरील गप्प, तर दोष हवेंत किंवा मळ्याच्या विजेंत. दोन्ही यंत्रें बोलतात, पण बाहेरून उत्तर नाहीं, तर पुलाचा कांहीं अपराध नाहीं. इंटरनेट पुरविणाऱ्यांस कळवावें. घराला उत्तर आणि मळ्याला नाहीं, असें जेथें होतें त्या दोन कड्यांच्या मध्येंच दोष असतो. तपास करतांना एका वेळीं एकच वस्तु बदलावी. तीन वस्तु एकदम बदलून पूल सुरू झाला, तर गुण कशाचा हें कधींच कळत नाहीं व पुढल्या खेपेस पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

वीज—

मळ्यावरील पूल तुटण्याचें फार मोठें कारण वीज हें आहे. शेतीच्या वाहिनीवर पाळी बदलतांना किंवा मोठे पंप सुरू होतांना वीज क्षणभर जाऊन येते. दिवा नुसता डोळा मिचकावितो, त्यामुळें आपल्या ध्यानांत येत नाहीं. परंतु यंत्राला तेवढें पुरे होतें. तें बंद पडून पुन्हां सुरू व्हावयास मिनिट-दोन मिनिटें घेतें. राऊटरहि तसाच उठतो. म्हणून अर्ध्या क्षणाच्या विजेनें पांच मिनिटांचें नेट जातें.

उपाय स्वस्त आहे. राऊटर व यंत्र यांपुरती लहान बॅटरी, जी वीज गेल्याक्षणीं आपोआप भार घेते, ती बाजारांत मिळते. मात्र घेतांना आपल्या यंत्रास किती व्होल्ट लागतात तें अ‍ॅडॉप्टरवर वाचून घ्यावें. कांहीं यंत्रें १२ व्होल्टचीं, कांहीं २४ चीं, कांहीं ४८ चीं असतात, आणि चुकीची जोड दिल्यास यंत्र जळतें. पंपाच्या स्टार्टरच्या पेटींतूनच यंत्रास वीज घेण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो टाळावा.

तार आणि पाणी—

गच्चीवरील तार ऊन-पावसांत राहते, म्हणून घरांत वापरावयाची तार बाहेर लावूं नये. एका उन्हाळ्यांत तिचें वरचें कवच तडकतें. बाजारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. तींतून वीज वाहतांना अधिक अडथळा होतो व लांब अंतरावर यंत्रास पुरेसा दाब मिळत नाहीं. निव्वळ तांब्याचीच घ्यावी. यंत्र आणि राऊटर यांमधील तार १०० मीटरहून लांब असूं नये.

यंत्रांत तार नेहमीं खालून शिरवावी, आणि शिरण्यापूर्वीं तिला खालच्या बाजूस एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं थेंब होऊन पडतें, आंत जात नाहीं. जोडाच्या पितळी रेघांवर हिरवट गंज दिसला तर तो जोड कापून नवा बसवावा. पाऊस पडला कीं पूल तुटतो आणि ऊन पडलें कीं जुळतो, असें असतां प्रथम हा जोड पाहावा. यंत्राच्या झांकणांत मुंग्या व पाल आणि तळाशीं उंदीर, हे तीनहि प्राणी तारेचे वैरी आहेत. गडगडाट चालू असतांना मात्र गच्चीवर कोणीहि जाऊं नये, व खांब उभारतांना तो आडवा पडला तरी विजेच्या तारेस लागणार नाहीं एवढें अंतर ठेवावें.

उभें पीक—

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. पुष्कळांची समजूत अशी असते कीं एका यंत्रावरून दुसरें डोळ्यांना दिसलें म्हणजे वाट मोकळी झाली. ही समजूत अपुरी आहे. या लहरी सुतासारख्या सरळ रेषेंत जात नाहींत. दोन टोंकांस निमुळत्या व मध्यें फुगीर अशा विट्टीच्या आकाराची जागा त्यांस लागते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र असें नांव आहे. ऑगस्टिन फ्रेनेल (१७८८–१८२७) हा प्रकाशाच्या लहरींचा अभ्यास करणारा फ्रेंच विद्वान्. त्याच्या कामावरून हें नांव पडलें.

ही विट्टी मध्यभागीं किती जाड असते त्याचा हिशेब सोपा आहे. अंतर किलोमीटरांत घ्यावें, त्यास लहरींच्या गिगाहर्ट्झ आंकड्यानें भागावें, आलेल्या संख्येचें वर्गमूळ काढावें व त्यास ८·६६ नें गुणावें. उत्तर मीटरांत येतें. तितकी मोकळी जागा मध्यरेषेच्या वर, खालीं व दोन्ही बाजूंस हवी. ५·८ गिगाहर्ट्झच्या यंत्रास १ किलोमीटरवर हें माप सुमारें ३·६ मीटर, २ किलोमीटरवर ५·१ मीटर येतें. २·४ गिगाहर्ट्झच्या यंत्रास १ किलोमीटरवरच ५·६ मीटर लागतें. हें सर्व क्षेत्र मोकळें मिळणें उत्तम. निदान शेंकडा ६० तरी मोकळें असावेंच.

आतां शेतकऱ्यास सांगावयास नको कीं जमिनीची उंची स्थिर असते, पण पिकाची नसते. हरभऱ्यावरून जाणारा पूल उंसावरून जाईलच असें नाहीं. हिरव्या पानांत पाणी असतें व तें या लहरी शोषून घेतें. त्यावर दंव किंवा पावसाचें पाणी सांचलें म्हणजे शोषण आणखी वाढतें. गंमत अशी कीं खुद्द हवेंत पडणारा पाऊस या लहरींस फारसा अडवीत नाहीं; मोठ्या मुसळधार पावसांतहि एका किलोमीटरला एखाद्या डेसिबलच्या आसपासच घट होते. अडवितात तीं भिजलेलीं पानें. म्हणून पाऊस थांबल्यावरहि पूल तासन्‌तास बंद राहूं शकतो. सुबाभूळ, बांबू, शेवगा व निलगिरी हीं बांधावरचीं झाडेंहि दर वर्षीं वाढतात, हें ध्यानांत ठेवावें. खांबाचें तसेंच आहे. वाऱ्यानें खांब फिरला तर यंत्राचें तोंड वळतें. म्हणून लोखंडी नळीस तीन बाजूंनीं ताण द्यावे आणि पट्ट्यांचे नट दर पावसाळ्यापूर्वीं आवळावे.

गायरान व रडार—

हीं यंत्रें ज्या लहरींवर चालतात त्यांस आपल्या देशांत परवाना लागत नाहीं. ५ गिगाहर्ट्झच्या भागांतील ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ व ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा सरकारनें २०१८ सालीं शक्तीच्या मर्यादा घालून खुला केला. तो गांवच्या गायरानासारखा समजावा. कोणासहि तेथें चारतां येतें, पण दुसऱ्याचें जनावर आलें म्हणून तक्रार करतां येत नाहीं. शेजाऱ्याचा पूल त्याच चॅनेलवर असला तर दोघांचाहि खोळंबा होतो. पुष्कळ यंत्रांत आजूबाजूची पाहणी करण्याची सोय असते. ती वापरून रिकामा चॅनेल निवडावा व तो कायम करावा. चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ असल्यास ती ४० किंवा २० करावी. रुंदी निम्मी केल्यानें वेग कमी होतो, परंतु गोंगाटापुढें टिकण्याची शक्ति वाढते. एक-दोन कॅमेरे आणि फोनवरील बोलणें यांस २० मेगाहर्ट्झ पुरेसे आहेत.

यांतील मधले कांहीं चॅनेल (५२ ते ६४ व १०० ते १४४) रडारहि वापरतात. त्यांवर चालणाऱ्या यंत्रास नियम असा घातलेला असतो कीं रडारची चाहूल लागतांच तो चॅनेल सोडावा, अर्धा तास तेथें परतूं नये, आणि अशा नव्या चॅनेलवर बोलण्यापूर्वीं निदान ६० सेकंद नुसतें ऐकावें. कधीं कधीं यंत्र दुसऱ्याच आवाजास रडार समजतें. पूल मिनिटभरच तुटतो, जुळतांना चॅनेलचा आंकडा बदललेला दिसतो, आणि वीज व सिग्नल दोन्ही चांगले आहेत, असें असेल तर कारण हें. १४९ ते १६५ या चॅनेलांपैकीं एक निवडल्यास ही अडचण राहत नाहीं.

पत्त्यांचा घोटाळा—

जोडींतील दोन्ही यंत्रें कारखान्यांतून बहुधा एकाच अंकी पत्त्यानें येतात. ते पत्ते वेगळे न केल्यास एका गटाचे दोन सातबारे निघाल्यासारखी गत होते. निरोप कधीं याला, कधीं त्याला पोंचतो. तसेंच मळ्यावर ठेविलेला लहान राऊटरहि जर स्वतःच पत्ते वांटूं लागला, तर घरचा एक तलाठी आणि मळ्यावरचा दुसरा, असा प्रकार होतो. पत्ते वांटण्याचें काम घरच्या राऊटरकडेच ठेवून मळ्यावरच्या राऊटरचें तें काम बंद करावें. आणखी एक. कांहीं यंत्रांत अशी सोय असते कीं ठराविक पत्त्यावरून उत्तर न आल्यास यंत्रानें आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू व्हावें. तो पत्ता बाहेरच्या इंटरनेटवरचा दिलेला असला, तर बाहेरचें इंटरनेट गेलें कीं धडधाकट पूलहि पुनः पुनः बंद पडतो. ही सोय बंद ठेवावी किंवा तेथें समोरच्या यंत्राचा पत्ता द्यावा. यंत्राची आज्ञावली नवी करणें हा उपाय सर्वांत शेवटीं, व तोहि जुन्या मांडणीची प्रत ठेवून करावा.

आमच्या पुलाचा निकाल—

तीन आठवड्यांची वही पुरी झाल्यावर मीं ती पुढें घेऊन बसलों. एकच दोष शोधीत होतों, निघाले दोन. पहिल्या प्रकारच्या नोंदी रोज सायंकाळीं ७ च्या सुमारास होत्या. त्या वेळीं मळ्यावरील यंत्र चालू असल्याचा काळ पुन्हां शून्यापासून मोजला जात होता. वाहिनीची पाळी त्याच वेळीं बदलते. म्हणजे हा विजेचा दोष. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी पहांटेपासून सकाळीं ९ पर्यंतच्या व पावसानंतरच्या होत्या. त्यांत यंत्र अखंड चालू होतें, पण सिग्नल उणे ७९ पर्यंत उतरला होता. दुपारीं ऊन पडलें कीं तो उणे ६८ वर येई. फेब्रुवारींत पूल उभारिला तेव्हां तो उणे ५९ होता.

यंत्र तेंच, खांब तोच, अंतर तेंच ११०० मीटर. मग मध्यें बदललें काय ? हा प्रश्न पडतांच ज्या कामांत माझी हयात गेली तेंच आठवलें. गाव नमुना ७ आणि १२ यांपैकीं १२ चा नमुना पिकांचाच आहे. मधल्या गटाची पीकपाहणी पाहिली. गेल्या खेपेस तेथें हरभरा होता. या खेपेस शेजाऱ्यानें आक्टोबरांत पूर्वहंगामी ऊंस लाविला होता. फेब्रुवारींत तो कमरेइतकाहि नव्हता; भाद्रपदांत शेंड्यासह ४ मीटर झाला. उत्तर माझ्याच दप्तरांत होतें, आणि मी दुकानांतून अ‍ॅडॉप्टर आणीत होतों.

मग हिशेब केला. घरचें यंत्र जमिनीपासून ७ मीटरवर, मळ्याचें पंपाच्या खोलीवर ३·५ मीटरवर. ऊंस मळ्यापासून २०० मीटरवर. सपाट जमिनीवर त्या जागीं पुलाची मध्यरेषा येते ४·१ मीटरवर, म्हणजे उंसाच्या शेंड्यास जवळ जवळ टेंकलेली. त्या ठिकाणीं फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारें २·९ मीटर, व तिचे शेंकडा ६० म्हणजे १·७५ मीटर मोकळे हवे होते. खालची सगळी बाजू भिजल्या पाल्यांत बुडालेली होती. मळ्याचा खांब निदान २ मीटरनीं उंच करणें आवश्यक होतें. मीं ३ मीटरनीं केला, कारण पुढल्या वर्षीं त्या गटांत काय लाविलें जाईल तें माझ्या हातीं नाहीं. लोखंडी नळी, ताण आणि गवंड्याची मजुरी मिळून दोन दिवसांचें काम झालें. मळ्यावर लहान बॅटरी बसविली. सिग्नल उणे ६० वर आला, व उंसाची तोड होईपर्यंत तो तेथून हलला नाहीं.

राहिली ती विंचवाची रात्र. घरच्या यंत्राच्या दप्तरांत त्या रात्रीं ९ वाजून ४० मिनिटांनीं पूल तुटल्याची नोंद होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ८ वाजतां मीं मळ्यावरील यंत्र पाहिलें तेव्हां तें १३ तास चालू असल्याचें दिसलें. तो आंकडा अर्थ न समजतां मीं कागदावर टिपून ठेविला होता. ८ मधून १३ तास मागें गेलें कीं आदल्या सायंकाळचे ७ येतात. म्हणजे दादा फोन लावीत होते तेव्हां यंत्रास वीज होती, यंत्र जागें होतें, आणि पावसानें भिजलेला ऊंस मध्यें उभा होता. शेजाऱ्याचा यांत कांहीं अपराध नाहीं. त्यानें आपल्या शेतांत ऊंस लाविला. विजेचाहि त्या रात्रीं नव्हता. पूल उभारतांना मीं जमीन पाहिली, पीक पाहिलें नाहीं, ही चूक माझी.

तात्पर्य, बंधूंनो, पूल तुटूं लागला तर दुकानाकडे जाण्यापूर्वीं वही उघडावी. यंत्र चालू असल्याचा काळ पाहून वीज कीं हवा हें ठरवावें. पिंगेनें साखळींतील कडी शोधावी. आणि नवा पूल उभारतांना खांबाची उंची आजच्या पिकावरून न ठरवितां, मधल्या गटांत येऊं शकणाऱ्या सर्वांत उंच पिकावरून ठरवावी. ज्याच्या मळ्यावर वृद्ध माणूस किंवा एकटें कुटुंब राहतें, त्यानें केवळ पुलावर भिस्त न ठेवितां जवळच्या वस्तीशीं एखादी जुनी खूण, शिटी किंवा घंटा, ठरवून ठेवावी. आम्हीं पंपाच्या खोलीपाशीं घंटा टांगली आहे. पूल त्यानंतर तुटला नाहीं. तरी दादा रोज सायंकाळीं ती एकदां वाजवून पाहतात.